निळ्या कुपीत नेमके किती तांबे? जीएचके-सीयू तयार करणे आणि हाताळणे

तिसवाडीकर (धागाकर्ता)

जीएचके-सीयू या तांबेयुक्त पेप्टाइडविषयी इथे वेगवेगळ्या धाग्यांवर तुकड्यातुकड्यांनी विचारणा होत असते आणि उत्तरेही तशीच विखुरलेली राहतात, म्हणून हा स्वतंत्र धागा काढत आहे. गोव्यात ताळगावच्या पठारावर, बांबोळीला, झुआरीनगरला किंवा वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत पेशीसंवर्धनाचे अथवा विश्लेषणाचे काम करणारे जे वाचक इथे आहेत, त्यांनी आपापल्या अनुभवाची भर घालावी. चर्चा मात्र प्रयोगशाळेपुरतीच ठेवू या. त्वचेखाली टोचून घेण्याविषयीचे किंवा केस उगवण्याविषयीचे प्रश्न कृपया इथे विचारू नयेत. ‘केवळ संशोधनासाठी’ अशी चिठ्ठी लावलेली कुपी निर्जंतुक असल्याची किंवा तीत जीवाणूंची अंतर्विषे नसल्याची हमी कुणीही दिलेली नसते, आणि दूर राहण्यास एवढे कारण पुरेसे आहे.

ज्यांना पार्श्वभूमी नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लॉरेन पिकार्ट यांनी १९७३ साली मानवी रक्तद्रवातील अल्ब्युमिनच्या अंशातून ग्लायसिन, हिस्टिडिन आणि लायसिन या तीन अमिनो आम्लांचे हे पेप्टाइड वेगळे केले आणि यकृताच्या पेशींवर त्याचा होणारा परिणाम नोंदवला. पुढे १९८० साली, हे पेप्टाइड पेशींना तांबे पुरवण्याचे काम करत असावे, असा विचार मांडला गेला. नुसत्या पेप्टाइडचा रेणुभार ३४०.३८ आहे, आणि एकास एक या प्रमाणात तांबे बांधले गेले की तो ४०१.९ होतो, म्हणजे संकुलाच्या (तांबे आणि पेप्टाइड यांच्या जोडीच्या) वजनात तांब्याचा वाटा साधारण १५.८ टक्के असतो. तांब्याच्या द्विसंयुजी आयनाला ग्लायसिनचा अमिनो नायट्रोजन, ग्लायसिन आणि हिस्टिडिन यांच्यामधल्या अमाइड बंधातला प्रोटॉन गमावलेला नायट्रोजन आणि हिस्टिडिनच्या वलयातला नायट्रोजन असे तिघे मिळून धरून ठेवतात. चौथी जागा मोकळी किंवा पाण्याने भरलेली राहते, आणि हाताळणीतल्या निम्म्या कटकटी या चौथ्या जागेमुळेच उद्भवतात.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की, ते सुंदर निळे-जांभळे द्रावण म्हणजे तांबे आणि पेप्टाइड यांच्यातला एक समतोल असतो, आणि सामू (पीएच), बफर (सामू स्थिर ठेवणारे द्रावण) किंवा पेशी वाढवण्याचे माध्यम बदलले की तो समतोलही बदलतो. त्यामुळे पेप्टाइड प्रत्यक्षात किती आहे, तांबे किती आहे आणि दोहोंचे गुणोत्तर काय आहे, हे स्वतः तपासल्याशिवाय ते द्रावण पेशींवर घालण्यात अर्थ नाही. यावर मतभेद असतील तर जरूर मांडावेत.

सूक्ष्मदर्शी

धागा काढल्याबद्दल आभार. मी तयार संकुलच विकत घेते. सोबतच्या प्रमाणपत्रावर एचपीएलसीने (द्रवातले घटक स्तंभातून वेगळे करणाऱ्या पद्धतीने) मोजलेली शुद्धता ९८ टक्क्यांच्या वर दिलेली असते आणि चूर्णही छान निळे दिसते. असे असताना ते पुन्हा तपासण्याची किंवा स्वतः तयार करण्याची यातायात कशासाठी करायची, हे मला खरोखर समजून घ्यायचे आहे. आमच्या गटात हा प्रश्न विचारला की ‘सगळे असेच वापरतात’ एवढेच उत्तर मिळते.

तिसवाडीकर

सूक्ष्मदर्शी ताई, त्या ९८ टक्क्यांचा अर्थ आधी पाहू. पेप्टाइडांची एचपीएलसी बहुधा ०.१ टक्का ट्रायफ्लुओरोॲसिटिक आम्ल घातलेल्या द्रवात चालवतात आणि त्याचा सामू दोनच्या आसपास असतो. इतक्या आम्लात हिस्टिडिन आणि अमिनो टोक या दोघांवरही प्रोटॉन चढतात, त्यामुळे त्यांची तांब्यावरची पकड सुटते आणि स्तंभातून बाहेर पडते ते नुसते पेप्टाइड. वस्तुमानमापकावरही मग ३४१ चे शिखर दिसते. म्हणजे त्या प्रमाणपत्राने एवढेच सांगितले की नमुन्यातल्या पेप्टाइडजन्य भागापैकी ९८ टक्के भाग योग्य पेप्टाइडचा आहे. त्यासोबत तांबे किती होते, पाणी किती होते, ॲसिटेट किंवा ट्रायफ्लुओरोॲसिटेट किती होते, यांपैकी कशाचाही उल्लेख त्या आकड्यात नाही. वजन करताना मात्र या सगळ्यांचे मिळून वजन होते.

आणखी एक गंमत पाहा. नुसत्या पेप्टाइडचे ॲसिटेट लवण घेतले तर त्याचा रेणुभार ४००.४ भरतो, आणि तांब्याच्या संकुलाचा ४०१.९. यादीत हे दोन आकडे खालीवर असले की चुकीची ओळ निवडली जाणे अगदी सोपे आहे, आणि हिशेबात फरक पडत नसल्यामुळे ते लक्षातही येत नाही. चूर्णाचा रंग पाहावा: तांबे नसलेले चूर्ण पांढरे असते. पण निळे असणे याचा अर्थ पूर्ण एकास एक असणे असा होत नाही. पेप्टाइड दुप्पट असलेले मिश्रणही निळेच दिसते, आणि मोकळ्या तांब्याचे लवण मिसळलेले असले तरी तेही निळेच.

तयार संकुल घेऊ नये असे मी म्हणत नाही. घ्यावे, पण तांब्याचे प्रमाण अणुशोषण पद्धतीने किंवा आयसीपी या धातुमापक यंत्राने मोजून दिलेले असेल, आणि निव्वळ पेप्टाइड किती टक्के आहे हे वेगळे लिहिलेले असेल, तरच घ्यावे. यांपैकी काहीही लिहिलेले नसेल तर नुसते पेप्टाइड घेऊन तांबे आपल्या हाताने मोजून घालणे मला अधिक भरवशाचे वाटते.

वेर्ण्याचा विश्लेषक

तिसवाडीकर बाब, मुद्दा रास्त आहे. औषधनिर्मितीच्या कामात आम्ही निव्वळ पेप्टाइडचा आकडा पाहिल्याशिवाय पेप्टाइडची कुपी उघडतही नाही. गोठवून वाळवलेल्या पेप्टाइडात पाणी आणि प्रति-आयन (ॲसिटेटसारखे सोबतचे आयन) मिळून वजनाचा पाचवा हिस्सा असणे मुळीच नवलाचे नाही. त्यामुळे ‘५० मिलिग्रॅम’ लिहिलेल्या कुपीत ४० मिलिग्रॅम पेप्टाइड असू शकते आणि तरीही विक्रेत्याचे लेबल खोटे ठरत नाही.

ज्यांच्याकडे आयसीपी नाही त्यांच्यासाठी तांबे मोजण्याची एक स्वस्त वाट आहे. बाथोक्युप्रोइन डायसल्फोनेट हे अभिकर्मक एकसंयुजी तांब्याला धरते आणि नारिंगी रंग देते. त्याचे कमाल शोषण ४८३ नॅनोमीटरला असते आणि मोलर शोषणांक सुमारे १३,००० आहे. ताजे बनवलेले ॲस्कॉर्बिक आम्ल जास्त प्रमाणात घातले की पेप्टाइडने धरलेले तांबेही क्षपण होऊन (इलेक्ट्रॉन मिळून) एकसंयुजी होते, आणि या रूपात पेप्टाइडची पकड ढिली पडल्यामुळे ते सगळे बाथोक्युप्रोइनकडे जाते. दहा मिलिमोलरचा साठा, म्हणजे दाट मूळ द्रावण, पाचशे पट विरळ केला तर २० मायक्रोमोलर होतो आणि साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये (मोजणीच्या पारदर्शक पेटीत) ०.२६ च्या आसपास वाचन मिळायला हवे. प्रमाणित तांब्याच्या द्रावणाची रेषा त्याच दिवशी, त्याच ॲस्कॉर्बिक आम्लाने काढावी. आदल्या दिवशीचे ॲस्कॉर्बिक आम्ल वापरून पैसे वाचवू नयेत.

तिसवाडीकर

हे फार उपयोगी आहे. आता प्रत्यक्ष कृती लिहितो. कुणाची वेगळी असेल तर तीही यावी.

समजा, १० मिलिमोलरचा १० मिलिलिटर साठा करायचा आहे, म्हणजे पेप्टाइड ०.१ मिलिमोल हवे. शुद्ध पेप्टाइड ३४ मिलिग्रॅम लागते, पण निव्वळ पेप्टाइड ८० टक्के असेल तर ४२.५ मिलिग्रॅम घ्यावे लागते. तांब्यासाठी मोरचुदाचा, म्हणजे पाच रेणू पाणी असलेल्या कॉपर सल्फेटचा, १०० मिलिमोलर साठा आधी वेगळा करून ठेवतो: २.४९७ ग्रॅम घेऊन १०० मिलिलिटर. चिमूटभर मोरचूद प्रत्येक वेळी तोलण्यापेक्षा पिपेटने द्रावण घालणे कितीतरी नेमके होते. पेप्टाइड आधी साताठ मिलिलिटर अतिशुद्ध पाण्यात, म्हणजे १८.२ मेगओहम-सेंटिमीटर रोध असलेल्या पाण्यात, विरघळवतो आणि त्यात तांब्याचे ०.९५ मिलिलिटर द्रावण ढवळत ढवळत थेंबाथेंबाने सोडतो. म्हणजे तांबे पेप्टाइडच्या ९५ टक्केच घालतो. कारण थोडे पेप्टाइड मोकळे राहिले तर बहुतेक प्रयोगांत काही बिघडत नाही; मोकळे तांबे राहिले तर ते स्वतःच पेशींना बाधते, ऑक्सिजनची उपद्रवी रूपे तयार करते आणि मग दिसलेला परिणाम कशाचा, हे सांगता येत नाही.

तांबे बांधले जाताना पेप्टाइडवरचे प्रोटॉन सुटतात, त्यामुळे द्रावणाचा सामू खाली जातो. तसेच सोडून दिले तर संकुल अर्धवटच बनते आणि रंग फिकट निळा राहतो. मग ०.१ मोलरचे विरळ सोडियम हायड्रॉक्साइड अगदी थोडे थोडे घालत सामू ७ ते ७.४ पर्यंत आणावा. या टप्प्यावर रंग डोळ्यांदेखत गडद होत जांभळ्याकडे झुकतो, आणि शोषणाचे शिखर, जे मोकळ्या तांब्याचे ८०० नॅनोमीटरच्या आसपास असते, ते सरकून ६०० च्या आसपास येते. शेवटी पाणी घालून १० मिलिलिटर पूर्ण करावे आणि ०.२२ मायक्रॉनच्या, प्रथिने कमी धरणाऱ्या गाळणीतून गाळावे. ऑटोक्लेव्ह करू नये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करू नये.

कुळागर

मी प्रयोगशाळेचा माणूस नाही, सत्तरीत सुपारीचे कुळागर आहे आणि मुलगी जीवरसायनशास्त्र शिकते, म्हणून हा धागा वाचतो आहे. कोळेरोगासाठी पावसाळ्यापूर्वी आम्ही एक टक्का बोर्डो मिश्रण करतो: मोरचूद एका प्लास्टिकच्या पिंपात, चुना दुसऱ्यात, आणि मग दोन्ही एकत्र. लोखंडी भांडे वापरायचे नाही हे वडिलांनी शिकवले होते, आणि तयार मिश्रणात कोयत्याचे पाते बुडवून त्यावर तांबूस थर चढतो का ते पाहायचे, हेही. थर चढला तर चुना कमी पडला असे समजतो. तुमच्या कृतीत मोरचूद आहे आणि चुन्याऐवजी सोडा आहे. मग तुमचे मिश्रण आमच्यासारखे गढूळ निळे का होत नाही?

तिसवाडीकर

कुळागर बाब, या धाग्यावरचा हा सर्वांत नेमका प्रश्न आहे. बोर्डो मिश्रणात चुन्यामुळे तांबे हायड्रॉक्साइडच्या रूपाने खाली बसते आणि ते तसे बसावे अशीच आपली इच्छा असते. पेप्टाइडच्या द्रावणात नेमके तेच टाळायचे असते. तांब्याला पेप्टाइडने आधीच धरलेले असेल तर सोड्याच्या हाताला ते लागत नाही आणि द्रावण स्वच्छ राहते. पण तांबे जास्त झाले, किंवा सोडा एकदम ओतला आणि थेंब पडला त्या जागी सामू क्षणभर दहाच्या वर गेला, तर पिंपातले तेच निळे गढूळ आपल्या नळीतही दिसते. गढूळपणा ढवळून जात नसेल तर ती नळी गाळून वापरण्याचा मोह आवरावा, कारण गाळणीवर तांबे राहिले आणि खाली आलेल्या द्रावणाचे गुणोत्तर अज्ञात झाले.

तुमची कोयत्याची परीक्षा तर थेट लागू पडते. लोखंडावर तांबूस थर चढतो तो मोकळ्या तांब्यामुळे, आणि म्हणूनच आमच्याकडेही तांब्याच्या द्रावणात स्टीलचा चमचा किंवा ॲल्युमिनियमचा कागद लागू देत नाहीत.

पिपेट

चमच्याचा विषय निघाला म्हणून लिहितो. प्लास्टिकचा किंवा टेफ्लॉन चढवलेला चमचा वापरावा, आणि काचेची भांडी असतील तर विरळ नायट्रिक आम्लात ठेवून, अतिशुद्ध पाण्याने धुऊन घ्यावीत. मायक्रोमोलरच्या खाली उतरायचे असेल तर काच सोडून पॉलिप्रोपिलिनकडेच जावे, कारण काचेच्या पृष्ठभागावर तांबे चिकटून राहते आणि पुढच्या प्रयोगात उतरते.

पण गोव्यात खरी अडचण वेगळीच आहे, ती म्हणजे दमट हवा. जून ते सप्टेंबरात वातानुकूलन बंद पडलेल्या खोलीत सापेक्ष आर्द्रता सहज ८५ ते ९० टक्के असते. गोठवून वाळवलेले पेप्टाइड कापसासारखे हलके आणि पाण्याला हावरे असते. उणे २० अंशांवरून काढलेली कुपी लगेच उघडली तर आतल्या थंड चूर्णावर दव धरते. ते डोळ्यांना दिसतही नाही, पण चूर्ण कडेला चिकटून काचेसारखे आक्रसलेले दिसले की समजावे. कुपी सिलिका जेलच्या बंद डब्यातून बाहेर न काढता, डब्यासह खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी. डबा हाताला थंड लागत असेल तोवर कुपीला हात लावू नये.

याहूनही चांगला उपाय म्हणजे तोलणेच टाळणे. लहान कुप्या मागवाव्यात आणि आख्ख्या कुपीत ठरलेले पाणी घालून तिचा साठा करावा. मग नेमकी संहती तांब्याच्या मोजणीने ठरवावी. उघड्या हवेत चाळीस मिलिग्रॅम तोलताना तराजूवरचा आकडा हळूहळू वर चढत असलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

साठवणीबाबत एवढेच सांगतो की कोरडे चूर्ण उणे २० वर, अंधारात आणि शोषकासह ठेवावे. द्रावण छोट्या छोट्या नळ्यांत विभागून गोठवावे आणि एकदा वितळलेली नळी पुन्हा गोठवू नये. आपोआप बर्फ वितळवणारा घरगुती फ्रीझर यासाठी वापरू नये, कारण तो मधूनमधून स्वतःच तापतो. पावसाळ्यात वीज गेली तर फ्रीझरचे दार उघडून ‘बघू या वितळले का’ असे करणाऱ्यांपासून फ्रीझर वाचवणे हे वेगळेच काम आहे. दारावर चिठ्ठी लावावी.

पेशीवाली

मी त्वचेच्या फायब्रोब्लास्टवर, म्हणजे कोलॅजन बनवणाऱ्या पेशींवर, काम करते. साठा कितीही नेमका केला तरी तो माध्यमात गेल्यावर काय होते याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते, त्यामुळे मला जरा विस्ताराने लिहायचे आहे.

१९८८ साली मकार आणि त्यांच्या फ्रान्समधल्या सहकाऱ्यांनी दाखवले की फायब्रोब्लास्टच्या संवर्धनात या संकुलामुळे कोलॅजनची निर्मिती वाढते. परिणाम पिकोमोलरच्या पातळीवर सुरू होतो आणि नॅनोमोलरला सर्वाधिक असतो, असे त्यांना आढळले. आपले बरेच विद्यार्थी हा नॅनोमोलरचा आकडा उचलतात आणि डीएमईएम या संवर्धन माध्यमात दहा टक्के सीरम (रक्तजल) घालून प्रयोग लावतात. आता हिशेब करा. डीएमईएममध्ये हिस्टिडिन ०.२ मिलिमोलर असते, म्हणजे एक नॅनोमोलर संकुलाच्या तुलनेत दोन लाख पट. हिस्टिडिन स्वतः तांब्याला उत्तम धरते, आणि जीएचकेच्या त्या मोकळ्या चौथ्या जागेवर बसून तिघांचे मिश्र संकुलही बनवते. त्यावर सीरममधले अल्ब्युमिन आहेच, ज्याच्या अमिनो टोकाशी तांबे धरण्याची जागा असते आणि जिची पकड जीएचकेच्या पकडीच्या तोडीस तोड आहे: पकडीची घट्टता सांगणाऱ्या स्थिरांकाचे लॉगॅरिदम जीएचकेसाठी सुमारे १६.४ आणि अल्ब्युमिनसाठी सुमारे १६.२ असे दिले जाते. अल्ब्युमिन संख्येनेही खूप जास्त असते. शिवाय सीरममधली एन्झाइमे एवढ्याशा पेप्टाइडला तोडतातच. मग अर्ध्या तासाने त्या थाळीत ‘जीएचके-सीयू’ म्हणावे असे कितपत उरते?

परिणाम खोटा आहे असा माझा दावा नाही. पेशींना दिसलेला पदार्थ आणि आपण लेबलवर लिहिलेला पदार्थ एकच असल्याचे गृहीत धरू नये, एवढेच म्हणते. त्यासाठी तुलनेचे गट नीट हवेत: नुसते माध्यम, नुसते पेप्टाइड, तेवढेच तांबे लवणाच्या रूपात, आणि संकुल, शक्य असल्यास तीच अमिनो आम्ले वेगळ्या क्रमाने जोडलेले पेप्टाइड तांब्यासह. ‘तांबे लवण’ हा गट वगळलेला असेल तर तो प्रबंध माझ्याकडे तपासायला आल्यास मी परत पाठवीन. जमल्यास सीरमविरहित माध्यमात एक समांतर प्रयोग करावा.

आणि प्रथिने मोजताना सावध राहा. बायसिंकोनिनिक आम्लाची चाचणी मुळात तांब्यावरच चालते, त्यामुळे नमुन्यात आपण घातलेले तांबे असेल तर वाचन बिघडते. पेशी नीट धुऊन घ्या किंवा ब्रॅडफर्ड पद्धत वापरा.

सूक्ष्मदर्शी

पेशीवाली ताई, हे वाचून आमच्या गटातल्या आकृत्या पुन्हा बघायला बसले आहे. दोन प्रश्न. एक, विरळ करायला कोणते बफर घ्यावे? आमच्याकडे ट्रिस आणि ईडीटीए असलेले बफर तयारच असते. दोन, इंटरनेटवरच्या चित्रफितींत सगळे बेंझिल अल्कोहोल घातलेले ‘बॅक्टेरिओस्टॅटिक’ पाणी वापरतात. ते प्रयोगशाळेत चालेल का?

पेशीवाली

ईडीटीए तर अजिबात नको. ते तांबे सरळ काढून घेईल आणि द्रावण निळेच राहिल्यामुळे तुम्हाला कळणारही नाही. ट्रिसही तांब्याला थोडेफार धरते, तेव्हा टाळावे. एचईपीईएस किंवा एमओपीएस बरे. फॉस्फेट बफरला काही लोक नाक मुरडतात, कारण मोकळे तांबे असेल तर फॉस्फेट म्हणून खाली बसते; पण पेप्टाइड किंचित जास्त ठेवले असेल तर विरळ द्रावणात ते चालते असा माझा अनुभव आहे. तिसवाडीकर कदाचित सहमत होणार नाहीत. डीटीटी, टीसीईपी, ग्लुटाथायोन किंवा ॲस्कॉर्बिक आम्ल असलेले बफर मात्र कटाक्षाने दूर ठेवावे, कारण ते तांब्याचे क्षपण करतात.

बेंझिल अल्कोहोलचे पाणी पेशींच्या कामाला नको. ते जीवाणूंची वाढ रोखण्यासाठीच घातलेले असते, आणि तुमच्या पेशीही त्याला परक्या नाहीत. निर्जंतुक अतिशुद्ध पाणी घ्या आणि एका वेळी लागेल तेवढीच नळी उघडा.

तिसवाडीकर

फॉस्फेटबाबत खरेच सहमत नाही. पेप्टाइड जास्त असल्याची खात्री असेल तर हरकत नाही, पण ती खात्री असलेले लोक मी मोजकेच पाहिले आहेत. साठा नेहमी पाण्यात करावा आणि बफर शेवटच्या विरलीकरणात आणावे.

मांडवीकाठ

उरलेल्या द्रावणाचे काय करता, हे कुणीच लिहिले नाही. प्रमाण थोडे असते हे मान्य, पण तांबे शिंपल्यांना, शैवालाला आणि माशांच्या पिल्लांना अत्यल्प मात्रेतही घातक असते, आणि आपल्याकडच्या सांडपाण्याची वाट शेवटी खाडीकडेच जाते. बोटींच्या तळाला लावायच्या रंगात तांबे घालतात ते शिंपले-कालवे चिकटू नयेत म्हणूनच. त्याच खाडीतले तिसरे आणि शिणाणे हे शिंपले आपण खातो.

वेर्ण्याचा विश्लेषक

प्रश्न योग्य आहे. तांब्याचे सगळे द्रव, त्यात क्युव्हेट धुतलेले पहिले पाणीही आले, ‘जड धातू’ असे लिहिलेल्या वेगळ्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये जमा करावेत आणि संस्थेच्या घातक कचऱ्यासोबत अधिकृत वाहतूकदाराकडे द्यावेत. त्या कॅनमध्ये ब्लीच ओतू नये. पेशींसह असलेला कचरा आधी जैविक नियमांप्रमाणे निर्जंतुक करावा लागतो, तेव्हा तांबे घातलेले माध्यम वेगळे काढून ठेवण्याची सवय पहिल्या दिवसापासूनच लावलेली बरी. मोरचूद तोलताना हातमोजे आणि चष्मा हवाच; डोळ्यांना ते वाईट झोंबते.

पिपेट

एक राहिले. निव्वळ पेप्टाइडचा आकडा विक्रेत्याने दिलाच नसेल तर तो आपणच काढता येतो. एचईपीईएसमध्ये, सामू ७.४ ठेवून, पेप्टाइडचे सुमारे पाच मिलिमोलर द्रावण क्युव्हेटमध्ये घ्या आणि प्रमाणित तांब्याचे द्रावण ठरावीक हप्त्यांनी घालत ६०० नॅनोमीटरच्या आसपासचे शोषण नोंदवत जा. प्रत्येक हप्त्यानंतर सामू पाहा. मोलर शोषणांक दहांच्या घरात असल्यामुळे याहून फार विरळ द्रावणात काही दिसणार नाही. शोषण वाढत जाते आणि पेप्टाइड संपले की रेषा मोडते. त्यानंतर घातलेल्या तांब्याने द्रावण गढूळ होऊ लागते. मोड जिथे आली तिथवर घातलेले तांबे म्हणजे नळीतले खरे पेप्टाइड.

सुरुवातीला पेप्टाइड जास्त असताना एका तांब्याभोवती दोन पेप्टाइडे जमतात, म्हणून रेषेला हलका बाक दिसतो. तो पाहून घाबरू नये आणि त्या भागातून उतारही काढू नये. फक्त मोड पाहावी.

सूक्ष्मदर्शी

हे आमच्या साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर जमण्यासारखे आहे. फ्रीझरमध्ये विकत आणलेल्या संकुलाच्या दोन वेगवेगळ्या खेपा पडून आहेत. त्यांना हे अनुमापन लागू होईल का, की तांबे आधीच असल्यामुळे मोड दिसणारच नाही?

पिपेट

लागू होईल, पण अर्थ वेगळा लावावा लागेल. खेप खरोखर एकास एक असेल तर पहिल्याच हप्त्याला गढूळपणा येईल. काही हप्ते स्वच्छ पचले तर तेवढे पेप्टाइड तिथे मोकळे होते. आणि काहीही घालण्यापूर्वी, नुसता सामू ७.४ वर आणतानाच गढूळ झाले, तर तांबे मुळातच जास्त आहे. ती खेप पेशींवर घालू नका. दोन्ही खेपांचे एकूण तांबे बाथोक्युप्रोइनने त्याच दिवशी मोजा, म्हणजे वजाबाकी करता येईल. आकडे आले की इथेच टाका.